हुमणीची बुरशी आधी आपल्या मातीत शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकाची मुळं खाणारी हुमणी अळी दिसली की तिला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचं पाकीट आणून शेणखतात कालवून टाका, हा सल्ला आता सगळीकडे मिळतो. पण ही बुरशी आपल्या रानात आधीपासून आहे का, हे कुणीच तपासत नाही.

मी कीटकशास्त्राची विद्यार्थिनी. प्रयोगासाठी शहादा तालुक्यातल्या उसाच्या रानातली माती डब्यांत भरून हुमणीच्या अळ्या वाढवते. यंदा ज्या डब्यांत काहीही मिसळलं नव्हतं, त्यांतल्याही अळ्या कडक होऊन मेल्या. ओल्या टिपकागदावर ठेवल्यावर त्यांच्या सांध्यांतून आधी पांढरे धागे फुटले, मग बोटाला लागेल अशी हिरवी भुकटी धरली. मेटारायझियमची ही ठळक खूण. म्हणजे बुरशी मातीतच होती.

अळी मरायची वाट न पाहता मातीतून थेट डीएनए काढून पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखणारी चाचणी) केला, तर एक-दोन दिवसांत छडा लागतो. मात्र बुरशी ओळखायला नेहमी वाचतात त्या डीएनएच्या आयटीएस भागावरून मेटारायझियमच्या जवळच्या जाती नीट वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी ईएफ-१ अल्फा जनुकही वाचावं लागतं. शिवाय मेलेल्या बीजाणूंचा डीएनएही मातीत काही काळ टिकतो. म्हणून सोबत त्याच मातीत मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणकिड्याच्या अळ्या सोडून त्या मरतात का, हे पाहायलाच हवं.

ही बुरशी २५ ते ३० अंशांत फोफावते, ३५ च्या वर बहुतेक वाणांची वाढ खुंटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. त्या उन्हाळ्यातून तापीकाठच्या मातीत तगलेलं वाण मला तरी पत्र्याखाली तापलेल्या पाकिटापेक्षा मोलाचं वाटतं.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून १२ घटक आहेत. जिवंत एकही नाही. जळगावचं विद्यापीठ आणि धुळ्याचं कृषी महाविद्यालय यांनी मिळून ऊस, केळी, भुईमुगाच्या रानांतले नमुने तपासावेत आणि सापडलेली वाणं जपून वाढवावीत, ही कळकळीची विनंती. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुलिंब-बाभळींवर येतात आणि अळ्या मुळं कुरतडू लागतात, त्याआधी हे व्हावं. रेशीम शेतकऱ्यांच्या तुतीच्या रानांतली मातीही यात घ्यावी. कारण आपण किडींवर फवारतो ती बव्हेरिया ही दुसरी बुरशी रेशीमअळ्यांनाही मारते.

आपली,
कीटकशास्त्राची एक विद्यार्थिनी
ता. शहादा, जि. नंदुरबार