कॉम्प्युटरने देव सिद्ध केला?

संपादक साहेब,
'कॉम्प्युटरने देव सिद्ध केला' हा फॉरवर्ड परत फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर हात जोडलेल्या इमोजींसकट. झालं होतं ते इतकंच की कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने देवाच्या अस्तित्वाचा तार्किक पुरावा लिहून ठेवलेला, तो २०१३ ला बेन्झम्युलर आणि पालेओ या संशोधकांनी कॉम्प्युटरवर तपासला, म्हणजे गृहीतकं मान्य केली तर निष्कर्ष निघतो का एवढंच बघितलं, आता गृहीतकंच खरी का हे मशीन बिचारं कुठून सांगणार! उलट गोडेलच्या मूळ गृहीतकांतली विसंगतीही कॉम्प्युटरनेच पकडली, टिकली ती डेना स्कॉट या दुसऱ्या तर्कशास्त्रज्ञाने किंचित बदललेली आवृत्ती. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आपल्या न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात ईश्वर अनुमानाने, म्हणजे तर्काने मांडला, त्यावरही पुरवणीत जरा लिहा की.

– एक नियमित वाचक