आप्पा, वाटी उलटी निघाली

बर्मिंगहॅम, रविवार

ती. आप्पा, सा. न.

आईला सांगू नका, पण चाळिशीत पुन्हा ग्रीसमध्ये हात घालून बसलेय. इथल्या जुन्या बाजारात शर्यतीच्या सायकलची नुसती फ्रेम मिळाली. स्टीलची, अंगावर एकही स्टिकर नाही, वरून कुणीतरी निळा रंग फासलेला. मागच्या चाकाच्या खाचेपाशी 'कॅम्पॅग्नोलो' असं कोरलंय, त्यावर बोट ठेवून विकणारा म्हणाला, "अस्सल इटालियन." मी भुलले. घरी आल्यावर डोकं चाललं. ती खाच तर त्या काळी देशोदेशीचे बरेच कारागीर इटलीहून मागवायचे. लेबल सोलापूरचं म्हणून चादर सोलापूरची होते का? तुम्ही चादर घेताना आधी उलटी करून बघता, तशी मीही फ्रेम उलटी केली.

पॅडलजवळच्या नळीत आस धरणाऱ्या वाट्या तशाच होत्या. चेनकडची उघडायला पाना लावला, नेहमीसारखा डावीकडे ओढला. हलेना. जोर केला तर पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. तेव्हा अशोक चौकातलं आपलं दुकान आठवलं, आणि तुमचं ओरडणं: "चेनकडची वाटी उलट्या आट्याची असते, किती वेळा सांगू!" घड्याळाच्या दिशेनं फिरवली, कुरकुरत सुटली.

तिथेच इटली गेली, आप्पा. इटालियन नळी ७० मिलिमीटर रुंद असते आणि दोन्ही वाट्यांचे आटे सरळ. फ्रेंचांचेही दोन्ही सरळच. ही भरली ६८, आणि चेनकडचे आटे उलटे. हे इंग्रजी माप, याला इथे बीएसए म्हणतात. आपल्या दुकानाच्या पाटीवर तीन अक्षरं होती ना, त्यातला 'बी' म्हणजे हेच बर्मिंगहॅम! बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका करणारी कंपनी.

आता हे माप जपानी लोकही वापरायचे, काही इटालियन कारागीरही परदेशी गिऱ्हाइकासाठी. म्हणून पुढच्या चाकाचा चिमटा फ्रेममधून सोडवला. त्याच्या उभ्या नळीत बॅटरी मारली. आत पाच पिळदार उंचवटे दिसले असते, तर मिलानची कोलंबस नळी म्हटलं असतं. आतून साफ गुळगुळीत. सीटची दांडी २७.२ ची बसते, बाहेरून नळी २८.६, म्हणजे जाडी जेमतेम ०.७. हलकी, चांगली नळी. माझा कौल रेनॉल्ड्स ५३१ या इंग्रजी नळीला. ती १९३५ पासून याच गावात व्हायची. मागच्या दोन खाचांमधलं अंतर १२० भरलं, म्हणजे मागच्या चाकावर पाच दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलचा जमाना.

कुठल्या कारागिराची, ते अजून कळायचंय. वाटीच्या नळीखाली रंगाच्या थरात आकडे आहेत. नखानं खरवडले तेव्हा निळ्याखाली हिरवा लागला, त्याखाली पिवळट प्रायमर. तीन आकडे उघडे पडले, चौथ्यावर डाग आहे. घाईनं घासणार नाही.

बंड्या डिसेंबरात येतोय ना? ट्रकच्या पाट्यातून कापून केलेला तुमचा तो वाटीचा पाना त्याच्याबरोबर पाठवा. इथला परत सटकेल. आणि शेंगाचटणी, पण ती पान्यापासून लांब बांधायला सांगा. मागच्या खेपेला सगळ्या पिशवीला ऑइलचा वास होता.

तुमची,
सुमी