नोव्हेनाबद्दलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर आला की वांद्र्याच्या जत्रेच्या बातम्या सुरू होतात. रस्ते कोणते बंद, जादा बस कुठून, गर्दी किती. माउंट मेरीबद्दल 'नवसाला पावणारी मोत मावली' एवढे लिहून विषय संपतो. जत्रा आम्हालाही प्रिय आहे. पण ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मसण असतो आणि त्याआधी नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. या भक्तीचा प्राण तिथे आहे. आजारपण, गेलेली नोकरी, कोर्टाची तारीख असे ओझे घेऊन टेकडी चढणाऱ्याला त्या प्रार्थनेतून धीर कसा मिळतो, हेही वाचकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

नऊच दिवस का? येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य यरुशलेमेत माडीवरच्या खोलीत पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थना करत राहिले. बायबलमधले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय १, वचन १४ मध्ये त्यांच्यासोबत येशूची आई मरिया असल्याची नोंद आहे. स्वर्गारोहण ते पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस) यांमधले ते नऊ दिवस हाच नोव्हेनाचा नमुना. पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसांनी एकत्र बसून वाट पाहायची, आणि त्यांच्यात ती आई असायची, अशी ही रीत आहे.

हे लक्षात घेतले की पुष्कळ भीती आपोआप गळून पडते. एक दिवस चुकला म्हणून सगळे वाया गेले, पुन्हा पहिल्यापासून करा, असा नियम चर्चने घातलेला नाही. राहिलेली प्रार्थना दुसऱ्या दिवशी म्हणावी आणि पुढे जावे. 'नऊ जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल' असे मोबाइलवर फिरणारे संदेश तर सरळ पुसून टाकावेत. कृतीलाच जादूचे बळ आहे असे मानणे ही अंधश्रद्धा, असे चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २१११ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. पायऱ्यांजवळ मिळणारे मेणाचे हात, पाय, घर, बाळ यांत मात्र आम्हाला गैर वाटत नाही. ज्यांना दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्यांना ते हातात धरून पुढे ठेवता येते. फक्त मेणबत्ती मोठी घेतली म्हणून विनंती लवकर पोहोचते, असे कुणी समजू नये.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते, आणि तिथे सर्व धर्मांचे लोक येतात. तिथल्या निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेच्या चित्राकडे घाईने पाहू नये. मूळ चित्र रोममध्ये आहे. १८६६ मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाकडे सोपवले. आपल्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात मायकल देवदूत भाला आणि स्पंज घेऊन आहे, उजवीकडे गॅब्रिएलच्या हाती क्रूस आणि खिळे. ही त्याच्या पुढच्या मरणाची साधने मरियेच्या हातांतल्या बाळ येशूने पाहिली आहेत. दोन्ही हातांनी त्याने आईचा हात घट्ट धरलाय, आणि एका पायातली चप्पल सुटून लोंबते आहे. आई देवदूतांना हाकलत नाही. क्रूस टळणारही नाही. तिने आपला हात त्याच्या हातात दिला आहे आणि डोळे आपल्याकडे लावले आहेत. धीर म्हणजे काय, हे आम्हाला या चित्राइतके कुठेच कळलेले नाही.

रोझरीचे, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थनेचेही तसेच. माळेत ५९ मणी असतात: ५३ 'नमो मरिया'चे, ६ 'हे आमच्या बापा'चे. क्रूसावर विश्वासांगीकाराची प्रार्थना, मग एक मोठा मणी, तीन लहान, आणि पुढे पाच रहस्ये, म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, प्रत्येकात दहा 'नमो मरिया'. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि २००२ पासून गुरुवारी प्रकाशाची. नीट म्हटली तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत उरकली, तर शब्द गिळले गेले असे समजावे. बहुतेक वेळा चूक एकच असते: पुढे म्हणणाऱ्याचा 'नमो मरिया'चा पहिला अर्धा संपायच्या आत बाकीचे दुसरा सुरू करतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी येशूचे नाव हा या प्रार्थनेच्या दोन भागांना जोडणारा सांधा म्हटला आहे. त्या नावाशी क्षणभर थांबले की घाई मोडते. रहस्याचे नाव घेतल्यावर बायबलमधला उतारा वाचून थोडे शांत बसावे, हेही त्यांनीच सुचवले. वेळ नसेल तर एकच रहस्य करावे. माळ नसेल तर दहा बोटे आहेत. लोकलच्या गर्दीतही जमते.

मरियेची आराधना आम्ही करत नाही, ती परमेश्वराचीच. तिला आम्ही आमच्यासाठी विनंती करायला सांगतो, 'आता' आणि 'मरणाच्या वेळी'. तिला भीती माहीत नव्हती, असेही नाही. येशूच्या जन्माची वार्ता आणणाऱ्या देवदूताच्या शब्दांनी ती अस्वस्थ झाली, हे कसे होईल असे तिने विचारले (लूक १:२९, ३४), आणि मग होकार दिला. पुढे बलवानांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या देवाचे गीत तिनेच गायले. योहानाच्या शुभवर्तमानात ती क्रूसाजवळ उभी आहे. जत्रेच्या आठवड्यातच, १५ सप्टेंबरला, तिच्या दुःखांचा स्मरणदिन येतो. वांद्र्यात त्या दिवशीही पाळणे फिरत असतात, आणि वर टेकडीवर कुणीतरी रडत असते.

आपणास विनंती एवढीच की, यंदा रस्त्यांच्या माहितीशेजारी नोव्हेनाच्या वेळा आणि मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कधी आहे, हेही छापावे. वेळा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या चर्चच्या कार्यालयातूनच घ्याव्यात.

आपले,
वांद्रे-माहीम परिसरातील काही कॅथलिक वाचक