ऑनलाइन चित्रविक्री : हाताने काढलेले की छापलेले, हे आधी सांगा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन बाजारपेठांमुळे कोल्हापूर, सांगली, नाशिक किंवा सावंतवाडीच्या चित्रकाराला मुंबईतल्या कलादालनाची वाट न पाहता थेट ग्राहकापर्यंत पोहोचता येऊ लागले, याचे मला मनापासून स्वागत वाटते. जहांगीर कलादालनात प्रदर्शन लावायचे तर अर्ज केल्यानंतर वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि तारीख मिळालीच तर भाडे, फ्रेम, टेम्पो, निमंत्रणपत्रिका आणि आठवडाभराचा मुक्काम हा सगळा खर्च एकही चित्र विकले गेले नाही तरी अंगावर पडतोच. खासगी दालने विक्रीच्या किमतीतले तीस-चाळीस टक्के, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, ठेवून घेतात. त्यामुळे संकेतस्थळे कमिशन घेतात याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की, या बाजारपेठांवर हाताने काढलेले चित्र आणि यंत्रावर छापलेली प्रत एकाच विभागात, एकाच नावाने विकली जाते आणि त्यांतला फरक ग्राहकाला सांगण्याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

सर्वसाधारण खरेदीच्या संकेतस्थळांवर चित्रे ‘होम डेकोर’ किंवा ‘वॉल आर्ट’ या सदराखाली, भिंतीवरची घड्याळे आणि स्टिकर यांच्या शेजारी असतात. शीर्षकात ‘हँडमेड’, ‘ओरिजिनल’, ‘कॅनव्हास पेंटिंग’ हे शब्द विक्रेता हवे तसे वापरतो. पुष्कळदा हे ‘कॅनव्हास पेंटिंग’ म्हणजे कॅनव्हासवरची इंकजेट छपाई असते, आणि ती हाताने रंगवल्यासारखी भासावी म्हणून तिच्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. चित्र हातात असेल तर ही लबाडी पकडणे अवघड नाही. जेलचा फटकारा एका दिशेने गेलेला असतो आणि त्याखालचा रंगाचा फटकारा भलत्याच दिशेने. भिंग लावले तर आकाशाच्या सपाट निळ्यातही छपाईचे बारीक ठिपके दिसतात. जलरंगाचे चित्र असेल तर ते खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरावे. खऱ्या चित्रात खरखरीत कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण साचलेले असतात. छापील प्रतीत ते खळगे नुसते ‘दिसतात’, कागद मात्र गुळगुळीत असतो. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच कळायला मार्ग नाही. त्यामुळे जिथे माहिती देणे सर्वांत गरजेचे आहे, नेमकी तिथेच ती दिली जात नाही.

याचा फटका चित्रकाराला दोन्ही बाजूंनी बसतो. रंकाळ्यावर बसून केलेल्या माझ्या एका जलरंगचित्राचा समाजमाध्यमावरचा फोटो उचलून, खालची सही कापून, एका मोठ्या संकेतस्थळावर त्याच्या प्रती ‘ओरिजिनल वॉटरकलर’ म्हणून विक्रीस ठेवल्या गेल्या. मूळ चित्र अकरा बाय पंधरा इंचांचे. ते माझ्या घरात आहे. विक्रीतली प्रत चोवीस बाय छत्तीस इंचांची, आणि किंमत अशी की तेवढ्यात चांगला कागद आणि फ्रेमही यायची नाही. तक्रार केल्यावर माझ्याकडे ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक मागण्यात आला. चित्रकाराकडे ट्रेडमार्क कुठून असणार? कॉपीराइटसाठी आपल्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. चित्र काढले की हक्क निर्माण होतो, आणि लेखी करार करून दिल्याशिवाय तो चित्र विकत घेणाऱ्याकडेही जात नाही. बराच पत्रव्यवहार झाल्यावर ती जाहिरात हटली आणि काही दिवसांनी दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा उगवली. कॉपीराइट नियम 2013 मध्ये अशा तक्रारीची दखल मध्यस्थाने, म्हणजे इथे संकेतस्थळाने, 36 तासांत घ्यावी अशी तरतूद आहे खरी. पण तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा दाखवण्याची मुभाही त्याच नियमात आहे. काहीशे रुपयांच्या छापील प्रतीसाठी वकील लावून न्यायालयात जाणारा चित्रकार निदान माझ्या परिचयात तरी नाही.

आता मुख्य मुद्दा. हाताने काढलेले चित्र आणि छापील चित्र वेगळे करणे ही तांत्रिकदृष्ट्या मोठी अडचण आहे, असा युक्तिवाद होण्याची शक्यता आहे. तो टिकणारा नाही, कारण करआकारणीत हा भेद आधीपासूनच आहे. जीएसटीसाठी लागणाऱ्या एचएसएन वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मालाला क्रमांक देणाऱ्या यादीत, 9701 हा क्रमांक ‘पूर्णपणे हाताने केलेली’ चित्रे, रेखाटने आणि पेस्टल यांच्यासाठी आहे. मूळ एनग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ, म्हणजे चित्रकाराने स्वतः हाताने तयार केलेल्या पत्र्यावरून किंवा दगडावरून घेतलेले ठसे, यांच्यासाठी 9702 आहे. आणि सर्वसाधारण छापील चित्रे 49व्या प्रकरणात, छापील साहित्याबरोबर येतात. विक्रेत्याला आपला माल संकेतस्थळावर चढवताना हा क्रमांक भरावा लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये हातचित्रांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला तोही याच वर्गीकरणाच्या आधारे. म्हणजे सरकारला कर भरताना वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे विक्रेता लिहून देतो, संकेतस्थळाकडे त्याची नोंद असते, फक्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकापासून ती झाकलेली राहते. हा क्रमांक आणि त्याचा साध्या भाषेतला अर्थ किमतीशेजारी छापायला असा कितीसा खर्च येणार आहे? ‘ओरिजिनल’ म्हणून जाहिरात करणाऱ्याचा क्रमांक 49व्या प्रकरणातला निघाला, तर ती फसवणूक सिद्ध करायला तज्ज्ञाचीही गरज पडणार नाही.

छापील चित्राला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, हे इथेच स्पष्ट करतो. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तिथल्या ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांमुळे, लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या घरी पोहोचल्या. घेणाऱ्याला आपण छापील चित्र घेतो आहोत हे ठाऊक होते आणि किंमतही त्याच हिशेबाची होती. आजही चित्रकाराच्या संमतीने, क्रमांक घालून, सही करून काढलेल्या मर्यादित प्रती हा अगदी सचोटीचा व्यवसाय आहे.

कमी लोकांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कॉपीराइट कायद्यात 1994च्या दुरुस्तीने 53-अ हे कलम आले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना कमाल 10 टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. कलम चांगले असले तरी व्यवहारात ते जवळजवळ कागदावरच राहिले, कारण चित्र दिवाणखान्यातून दिवाणखान्यात गेले तर चित्रकाराला पत्ताच लागत नाही. ऑनलाइन विक्रीत मात्र किंमत, तारीख, विकणारा आणि घेणारा या सगळ्यांची नोंद आपोआप होते. सप्टेंबर 2025 मध्ये दिवंगत चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र सॅफ्रनआर्ट या कलालिलाव संस्थेच्या लिलावात 67 कोटींहून अधिक किमतीला गेले, त्याची बातमी सगळीकडे झळकली. पण पंचवीस-तीस हजारांना पुन्हा विकल्या जाणाऱ्या चित्राची बातमी होत नाही, आणि या कलमाची खरी गरज त्याच चित्रकाराला आहे. पुनर्विक्री झाल्यावर मूळ चित्रकाराला कळवणे संकेतस्थळांना बंधनकारक केले, तर तीस वर्षांपूर्वीच्या या तरतुदीचा काही उपयोग होईल.

जाता जाता नोंदणीच्या जाचाविषयीही लिहितो. ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय संकेतस्थळांवरून माल विकता येतो, पण तो राज्याच्या हद्दीतच. त्यामुळे कोल्हापूरच्या चित्रकाराला याच मार्गाने चंद्रपूरला चित्र पाठवता येते, बेळगावला नाही. वर्षाकाठी मोजकीच चित्रे विकणाऱ्याला एवढ्यासाठी नोंदणी आणि विवरणपत्रे मागे लावून घेणे परवडत नाही. निदान 9701 खालच्या चित्रांना तरी ही सवलत राज्याबाहेरच्या विक्रीसाठी द्यावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 नुसार वस्तूचा मूळ देश कोणता, हे ग्राहकाला सांगावे लागते. त्याच नियमांत चित्रांसाठी चित्रकाराचे नाव, माध्यम, आकार, हाताने काढलेले की छापील आणि छापील असल्यास एकूण प्रती किती, एवढी माहिती सक्तीची करावी, अशी माझी केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याला विनंती आहे. आपल्या राज्याच्या कला संचालनालयाला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्य कला प्रदर्शनामुळे त्यांचा चित्रकारांशी दरवर्षी संबंध येतोच. चित्राबरोबर द्यायच्या प्रमाणपत्राचा एक नमुना त्यांनी मराठीत तयार करून आपल्या संकेतस्थळावर ठेवावा. चित्रकार तो उतरवून घेतील, सही करून चित्राच्या मागे चिकटवतील, आणि ग्राहकालाही काय मागायचे ते कळेल.

आपला विश्वासू,
एक चित्रकार, कोल्हापूर