आत्याची शाळा आणि माझी शाळा

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

चिन्मयीच्या वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून आलेल्या गरीब घरच्या मुलांबद्दल तुम्हा पालकांत चाललेली कुरकुर तू फोनवर सांगितलीस आणि वर म्हणालास, "आम्ही स्वतःच्या मेहनतीवर इथवर आलो." तुझी मेहनत मी पाहिली आहे, तरी ते वाक्य टोचत राहिले, म्हणून लिहितो.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो. माझे मामा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर म्हणजे मुकादम होते आणि "दहावी झाली की बदलीत लावतो", म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी कामाला घेतो, हा त्यांचा शब्द घरात सर्वांनी धरून ठेवला होता. परळच्या आमच्या चाळीत जवळजवळ प्रत्येक मुलाला असा कोणी मामा, काका किंवा गाववाला असल्यामुळे, जवळच्या मराठी शाळेपलीकडे काही पाहावे असे कोणाच्या मनातही येत नसे. संप लांबतच गेला आणि मामांचा शब्द हवेत राहिला. पुढे मला छापखान्यात काम मिळाले ते शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या ओळखीने. तो स्वतःच छापखान्यात, त्याची ओळख तरी आणखी कुठे असणार?

तुझ्या आत्याला मात्र कोणी बदलीत लावणार नव्हते. आई ज्या बाईंकडे पोळ्या करायला जाई, त्यांनी आग्रहाने तिचे नाव इंग्रजी शाळेत घातले आणि पहिल्या वर्षाची फीही भरली. वडील एवढेच म्हणाले, "मुलगी आहे, शिकू दे कुठेही." त्या बाईंच्या मुलीबरोबर ती दुपारी अभ्यासाला बसे. बँकेच्या भरतीचा अर्ज कुठे मिळतो आणि कसा भरायचा, हे तिला त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर कळले. मला तर अशी परीक्षा असते हेच ठाऊक नव्हते. तिचे लग्न झाले तेव्हा तिचा पगार माझ्या दुपटीहून अधिक होता.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या शाळांतील मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे मांडले, ते वाचताना मला आमचेच घर दिसले. ज्या जातींतले कामगार पुरुष एकमेकांना कामाला लावून घेत, त्यांचे मुलगे मराठी माध्यमातून पिढीजात कामांकडेच जात राहिले. असा आधार नसलेल्या मुली मात्र, नव्वदच्या दशकात इंग्रजीला भाव आल्यावर, इंग्रजी शाळांकडे वळल्या. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली अमेरिकेतील सुमारे ७ कोटी २० लाख लोकांची फेसबुकवरची मैत्री तपासली. सुखवस्तू घरच्या मुलांना जितके सुखवस्तू मित्र लाभतात तितके गरीब मुलांच्या आसपास असते, तर मोठेपणी त्यांची कमाई सरासरी २० टक्क्यांनी अधिक असती, असा त्यांचा अंदाज आहे.

तुला अभियांत्रिकीचा फॉर्म भरायला कोणी बसवले, पहिल्या मुलाखतीआधी तीन रात्री इंग्रजीत प्रश्न कोणी विचारले, ते आठव. माझ्याकडून ते झाले नसते.

रविवारच्या पालकसभेला आत्याला बरोबर ने. मी तिला विचारले आहे, ती येते म्हणाली.

तुझा,
बाबा