'सगळेच देतात हो साहेब'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासदारांच्या नैतिकतेवरचा कालचा लेख दोनदा वाचला. एकदा समजून घ्यायला आणि दुसऱ्यांदा खरंच असं छापलंय का ते बघायला. पैसे-भेटवस्तू घेऊन लोकसभेत प्रश्न विचारल्याचा आरोप असलेल्या तृणमूल काँग्रेसच्या खासदार महुआ मोइत्रांनी संसदेच्या पोर्टलचा लॉगिन-पासवर्ड उद्योजकाला दिला, ही म्हणे 'तांत्रिक बाब'! सगळेच खासदार देतात म्हणे! लेखकमहाशय आमच्या कार्यालयात साहेब म्हणून यायला हवे होते.

मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बत्तीस वर्षं काढली. पगारबिलांचा पासवर्ड माझ्याकडे असे. एका महिनाअखेरीला आई दवाखान्यात आणि बिल त्याच दिवशी कोषागारात जायला हवं. म्हणून फोनवरून शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाला पासवर्ड सांगितला. त्या शहाण्याने तो चिठ्ठीवर लिहून माझ्याच टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. बिल वेळेत गेलं, पै इकडची तिकडे झाली नाही. चौथ्या दिवशी हातात कारणे दाखवा नोटीस! मीही तेव्हा हेच म्हणालो होतो, "सगळेच देतात हो साहेब." साहेब शांतपणे म्हणाले, "मग सगळ्यांची नावं लेखी द्या." एक वेतनवाढ कायमची गेली. सेवापुस्तकातली ती लाल शाईची नोंद बघून पेन्शनच्या वेळी आणखी दोन बाबूंनी मला पुन्हा सगळी हकीकत सांगायला लावली, ते वेगळंच.

तेव्हा मोइत्रांबद्दल मला कळवळा नाही. पण न्यायाने लिहायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या चौकशीत त्या लिपिकाला माझ्यासमोर बसवलं होतं आणि मला त्याला उलट प्रश्न विचारू दिले होते. मी विचारलेही, तासभर! मोइत्रांना मात्र, ज्याच्या प्रतिज्ञापत्रावर सगळा डोलारा उभा, त्या उद्योजकाची उलटतपासणी करू दिली नाही. ८ डिसेंबर २०२३ला लोकसभेच्या नीतिमत्ता समितीचा अहवाल सभागृहात आला आणि त्याच दुपारी खासदारकी गेली. सभागृहात बोलूही दिलं नाही. एका लिपिकाला मिळतं तेवढंही नाही?

मुळात आम्हाला वर्तणूक नियमांचं पुस्तक होतं. राज्यसभेतही चौदा कलमांची आचारसंहिता आहे, सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. लोकसभेत नीतिमत्ता समिती २०००पासून आहे, पण मोइत्रांवर कारवाई झाली तेव्हा 'अनैतिक वर्तन' म्हणजे काय, हेच तिथल्या नियमांत लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलंच नसलं की बहुमताला वाटेल ते अनैतिक, आणि बाकी सगळी 'तांत्रिक बाब'. असो. कृष्णनगरच्या मतदारांनी २०२४ला त्यांना पुन्हा निवडून दिलं. माझी वेतनवाढ परत द्यायला कुठले मतदार येणार?

आणखी एक. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल २००५ला अकरा खासदारांना घरी पाठवलं, ते 'असं पहिलंच प्रकरण' असं आपल्या चौकटीत छापलंय. १९५१चं मुद्गल प्रकरण कुठे गेलं? एच. जी. मुद्गल हे तर मुंबईचे. सराफ संघटनेकडून पैसे घेऊन तिचं काम सभागृहात पुढे रेटल्याचा ठपका होता. हकालपट्टीआधीच राजीनामा देऊन मोकळे व्हायला निघाले, तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते, असा ठराव सभागृहाने केला आणि प्रस्ताव खुद्द नेहरूंनी मांडला होता. मुंबईचं प्रकरण मराठी वर्तमानपत्राला आठवू नये, याला काय म्हणावं?

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक

ता. क. मागच्या खेपेस माझ्या पत्रातला नेमका मुद्द्याचा परिच्छेद कापलात आणि 'स. न. वि. वि.' तेवढं ठेवलंत. या वेळी कापायचंच असेल तर ते कापावं.