माणसाच्या शरीराचं संशोधन वावरापर्यंत यायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भात मानवी शरीरक्रियाशास्त्राची, म्हणजे शरीर काम कसं करतं याच्या अभ्यासाची, एक संयुक्त संशोधन संस्था उभी राहावी आणि तिने सर्वांत आधी उन्हात राबणाऱ्या बायांच्या शरीराचा अभ्यास हाती घ्यावा, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी मारेगाव तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर.

दर उन्हाळ्यात सूचना येते की दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. आमच्याकडे मजूर बाया स्वयंपाकपाणी, लेकरांचं सगळं उरकून वावरात पोचतात तेव्हा दहा-साडेदहा वाजलेले असतात. पाचच्या सुमारास सुटतात. त्यातले मधले तीन तास काढले, तर मजुरी कशाची मिळणार? सूचना चुकीची नाही, पण ती लिहिताना या बाईचा दिवस कोणी विचारात घेतलेला नाही.

मागच्या मे महिन्यात आमच्या वावरात धसकटं वेचायला आलेल्या बायांना विचारून मी त्यांचं वजन केलं. कापूस मोजायचा काटा घरी होताच. एकीचं वजन सकाळी ४४ किलो भरलं आणि जेवणाच्या सुट्टीत साडेबेचाळीस. मधल्या वेळात ती लोटाभर पाणी प्यालीही होती. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटलं की कामाची ताकद कमी व्हायला लागते. हिचं तीन टक्क्यांहून जास्त गेलं होतं आणि अर्धा दिवस अजून बाकी होता. पाणी जास्त का पीत नाही, असं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, पानी पेलं का जा लागते, अन् वावरात आडोसा कुठी हाये?" हे कारण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

उन्हात काम करताना रक्ताला दोन ठिकाणी धावावं लागतं. स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडायची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. पण त्या घामाचं पाणी शेवटी रक्तातूनच येतं. रक्ताचं आकारमान घटतं आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आता यात रक्तक्षय मिळवा, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी आणि त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याची ताकदही कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे बांधावरच्या दर दोन बायांमागे एकीचं हृदय आधीच जास्त पळतंय. शिवाय आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. शरीर कोरडं पडलं की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य कळा सुरू होतात. त्यांनी किती ऊन सोसावं, हा वेगळा प्रश्न आहे.

उन्हातल्या कामाच्या मर्यादा ठरवणारं आयएसओ ७२४३ हे आंतरराष्ट्रीय मानक निरोगी माणूस गृहीत धरतं, १.८ चौरस मीटर त्वचेचा, म्हणजे साधारण ७० किलोचा. माझ्या वावरातल्या त्या बाईची त्वचा हिशेबाने जेमतेम १.३५ चौरस मीटर भरते. तिचं रक्त कमी, जेवण कमी, रात्रीची झोपही कमी, कारण पत्र्याचं घर पहाटेपर्यंत निवत नाही. त्या मानकावरून तिच्या विश्रांतीचे तास काढायचे कसे?

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर संरक्षक कपडे, मास्क, हातमोजे वापरा असं सगळीकडे सांगितलं गेलं. ते बरोबरच आहे. पण पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी झालेली, खालून जमिनीची वाफ, वारा अडलेला, पाठीवर भरलेला पंप, अशा वेळी तो पोशाख घालून माणूस किती मिनिटं टिकतो, शरीराचं तापमान कितीवर जातं, हे त्याच वावरात मोजून पाहायला नको का? पोशाख सोसत नाही म्हणून लोक तो काढतात, आणि घामाने ओल्या, तापलेल्या त्वचेतून फवारणीचं औषध जास्त शोषलं जातं. हा प्रश्न एकट्या कृषी विभागाचा नाही, एकट्या डॉक्टरचाही नाही.

म्हणून संयुक्त संस्था. १९३१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हूवर धरणावर मजूर उष्माघाताने मेले. पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या फटीग लॅबोरेटरीचे (थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेचे) शास्त्रज्ञ थेट धरणावर जाऊन राहिले. मजुरांचा घाम, रक्त, लघवी तपासून नुसतं पाणी पुरत नाही, घामावाटे जाणारं मीठही परत द्यावं लागतं, हे त्यांनी दाखवलं. १९२७ ते १९४७ एवढंच आयुष्य लाभलेल्या त्या प्रयोगशाळेत शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यकातली माणसं एकत्र काम करत होती. आपल्या देशातही १९६२ साली स्थापन झालेली संरक्षण खात्याची शरीरक्रियाशास्त्र संस्था दिल्लीला आहे. बर्फात आणि वाळवंटात जवानाचं शरीर कसं वागतं याचा अभ्यास तिथे होतो. जवानासाठी जे केलं ते तेंदूपत्ता तोडणारीसाठी, रोवणी करणारीसाठी का करू नये?

विदर्भात सगळं सुटं सुटं आहे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरला एम्स आणि प्रादेशिक हवामान केंद्र, अकोल्याला कृषी विद्यापीठ, चंद्रपूरला सिकलसेलसारख्या रक्तविकारांवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) संशोधन केंद्र. यांना एका छताखाली, एका अंदाजपत्रकात बांधणारं कोणी नाही. ऊन मोजणारा एकीकडे, रक्त तपासणारा दुसरीकडे आणि निंदणीच्या अवजाराची रचना करणारा तिसरीकडे. आंबील आणि कैरीचं पन्हं आपण पिढ्यान् पिढ्या पितो. त्यातून घामातलं मीठ किती भरून निघतं, हे मोजायलासुद्धा तिघांनी एकत्र बसावं लागेल.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. आमच्या गावात पाहण्या पुष्कळ होतात. लोक येतात, बोट टोचून रक्त नेतात, फॉर्मवर अंगठा घेतात आणि परत कोणी फिरकत नाही. ही संस्था तशी नसावी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि बालमृत्यू घटवून दाखवले. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि पुढे देशाने ती पद्धत आशाताईंमार्फत स्वीकारली. तसंच इथे व्हावं. मोजणी गावातल्या मुलींनी करावी, त्यांना त्याचं मानधन मिळावं, प्रत्येक बाईला तिचा आकडा तिच्या भाषेत सांगितला जावा आणि निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जावेत. संस्थेच्या नियामक मंडळावर शेतमजूर बायांच्या जागा असाव्यात.

इमारतीची वाट पाहायची गरज नाही. रोजगार हमीच्या एखाद्या तळ्याच्या कामावर, जिथे हजेरीपट रोज भरला जातो, तिथे पुढच्या उन्हाळ्यात वजन, नाडी, हिमोग्लोबिन आणि कामाच्या जागेचं तापमान व आर्द्रता एवढं मोजूनही सुरुवात होईल. या संस्थांपैकी कोणीही पुढाकार घेतला तर मोजणीला माझ्या अकरावी-बारावीच्या मुली तयार आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी सुट्टीत आईबरोबर त्याच कामावर असतात.

– जीवशास्त्राची एक शिक्षिका,
मारेगाव, जि. यवतमाळ